आठवड्याची गोळी, दुसऱ्या दिवशीची गोळी आणि मधला एक कार्बन

प्रश्न अमळनेरच्या एका सरांचा आहे. ते अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतात. त्यांच्या आईंना, वय 61, आमवात आहे. दर रविवारी मेथोट्रेक्सेट 15 मिलिग्रॅम आणि सोमवारी फोलिक ॲसिड 5 मिलिग्रॅम चालू आहे. सरांनी कुठेतरी वाचलं की मेथोट्रेक्सेट हे फोलेटविरोधी औषध आहे. त्यांचं म्हणणं असं: "रविवारी विष आणि सोमवारी उतारा, हा काय प्रकार? सोमवारच्या गोळीने रविवारची वाया जात नाही का? शेजारच्या काकू तर म्हणतात, मेथी-पालक बंद करा, त्यात फोलेट असतं. मला एन्झाइमपर्यंत खोल जाऊन सांगा, कळेल मला."

सर, आधी आईंचं. दोन्ही गोळ्या चालू ठेवा, वारही तेच ठेवा, आणि पालेभाजी बंद करू नका. तुम्ही हे वाचून विचारलंत ते बरं केलंत, कारण बरेच जण विचारतच नाहीत. परस्पर सोमवारची गोळी बंद करतात आणि तीन महिन्यांनी तोंड सोलवटून माझ्यापुढे येऊन बसतात. मी भुसावळला सत्तावीस वर्षं मेडिसिनची प्रॅक्टिस करतोय. हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच, पण एन्झाइमपर्यंत जायची तयारी दाखवणारे तुम्ही पहिलेच. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

रावेर-सावद्याकडे केळीची कापणी तुम्ही पाहिली असेल. मजूर डोक्यावर चुंबळ ठेवतो, चुंबळीवर घड ठेवतो आणि बांधाबांधाने गाडीपर्यंत चालत येतो. घड उतरवला की रिकामा परत, पुढच्या घडासाठी. आपल्या पेशीत हेच काम फोलेट करतं, म्हणजे बी गटातलं एक जीवनसत्त्व. फोलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप. घड म्हणजे एक कार्बन, एकच. कधी तो मेथिलच्या रूपात असतो, कधी मेथिलीनच्या, कधी फॉर्मिलच्या. कार्बन तोच, फक्त त्याची ऑक्सिडेशनची पायरी वेगळी. मजुराचं शास्त्रीय नाव टेट्राहायड्रोफोलेट. 'टेट्राहायड्रो' म्हणजे त्याच्या कड्यांवर चार जादा हायड्रोजन आहेत. ते चार हायड्रोजन म्हणजे त्याची चुंबळ. चुंबळ नीट वळलेली असेल तरच घड डोक्यावर टिकतो. हायड्रोजन गेले की मजूर असून नसल्यासारखा. ही चुंबळ लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं.

घड भरला जातो मुख्यतः सेरीन नावाच्या अमिनो आम्लाकडून. सेरीनचा एक कार्बन काढून फोलेटच्या डोक्यावर ठेवायचा आणि सेरीनचं ग्लायसीन करायचं, हे काम सेरीन हायड्रॉक्सिमेथिलट्रान्सफरेज हे एन्झाइम करतं. मग हा घड तीन प्रकारच्या ठिकाणी उतरतो.

पहिलं ठिकाण प्युरिनचं, म्हणजे ॲडेनिन आणि ग्वानिन या डीएनएच्या दोन अक्षरांची कडी जिथे बांधली जाते ते. त्या कड्यातले दोन कार्बन, दुसऱ्या आणि आठव्या क्रमांकाचे, फोलेटने आणून दिलेले असतात. हे कसं कळलं ते तुमच्या मुलांना वर्गात सांगा, त्यांना आवडेल. पक्षी नायट्रोजन युरिक ॲसिडच्या रूपात टाकतात, आणि युरिक ॲसिड म्हणजे प्युरिनच. 1940 च्या दशकात जॉन ब्यूकॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कबुतरांना खूण केलेल्या अणूंचे साधे पदार्थ दिले आणि विष्ठेतलं युरिक ॲसिड तोडून कोणता अणू कुठे जाऊन बसला ते पाहिलं. दुसरा आणि आठवा कार्बन फॉर्मेट या एकाच कार्बनच्या पदार्थातून आलेला निघाला. कबुतराच्या विष्ठेतून एवढी मोठी गोष्ट बाहेर आली! ते दोन कार्बन बसवणारी एन्झाइमं दोन: आठव्यासाठी जीएआर ट्रान्सफॉर्मिलेज, दुसऱ्यासाठी एआयसीएआर ट्रान्सफॉर्मिलेज. या दुसऱ्याचं नाव बाजूला लिहून ठेवा, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्याच्यापाशी आहे.

दुसरं ठिकाण मेथिओनिन या अमिनो आम्लाचं. तिथे बी-12 लागतं. त्याबद्दल नंतर.

तिसरं ठिकाण मात्र खास. थायमिडायलेट सिंथेज. आरएनएमध्ये युरॅसिल असतं, डीएनएमध्ये त्याच्या जागी थायमिन. दोघांत फरक एका मेथिल गटाचा, पाचव्या कार्बनवरचा. तो मेथिल बसवणारं हे एन्झाइम. शरीरात थायमिडायलेट नव्याने तयार होण्याचा हाच मुख्य रस्ता, म्हणून पेशीला डीएनएची दुसरी प्रत काढायची असेल तर या एन्झाइमच्या दारातून जावंच लागतं.

आता गंमत पाहा. प्युरिनच्या थांब्यांवर मजूर घड देतो आणि चुंबळीसकट परत येतो. थायमिडायलेट सिंथेजकडे मात्र घड येतो मेथिलीनच्या रूपात आणि बसवायचा असतो मेथिल. म्हणजे क्षपण करायला हवं, हायड्राइड (दोन इलेक्ट्रॉनांसकट हायड्रोजन) हवा. तो आणायचा कुठून? रसायनशास्त्राच्या माणसाला वाटेल, एनएडीपीएच असेल, म्हणजे पेशीतला नेहमीचा हायड्राइड पुरवणारा रेणू. नाही. हे एन्झाइम हायड्राइड मजुराच्याच डोक्यावरून काढून घेतं. घडही घेतं आणि चुंबळही सोडवतं. मजूर दारातून बाहेर पडतो तो डायहायड्रोफोलेट होऊन, मोकळं फडकं हातात घेऊन. एक कार्बन देण्याच्या कामांमध्ये फोलेटची ही गत करणारा थांबा हा एकटाच.

सुटलेली चुंबळ पुन्हा वळून द्यायचं काम डायहायड्रोफोलेट रिडक्टेजचं. एनएडीपीएच लागतं ते इथे. मेथोट्रेक्सेट नेमकं या चुंबळ वळणाऱ्याला पकडून ठेवतं. दिसायला ते फोलिक ॲसिडच्या जुळ्या भावासारखं आहे. एका ऑक्सिजनच्या जागी अमिनो गट आणि एका नायट्रोजनवर जादा मेथिल, एवढाच फरक. पण एन्झाइमच्या खोबणीत ते खऱ्या फोलेटपेक्षा हजार पटींच्या आसपास घट्ट बसतं.

यातून एक गोष्ट निघते, ती पुस्तकांत असते पण वाचताना सुटून जाते. चुंबळ वळणारा बंद पडला म्हणून सगळ्या पेशी लगेच अडत नाहीत. ज्या पेशीत थायमिडायलेट सिंथेज जोरात चालू आहे, तिथेच चुंबळी भराभर सुटतात, आणि तिथेच त्या वळून मिळाल्या नाहीत तर काम ठप्प होतं. जी पेशी विभाजन करत नाही, तिच्यात चुंबळ सुटतच नाही फारशी. म्हणून मेथोट्रेक्सेटचा फटका कुठे बसेल ते रोगाच्या नावावरून ठरत नाही. कोणत्या पेशी घाईने डीएनए बनवताहेत, त्यावरून ठरतं. रक्ताचा कर्करोग, अस्थिमज्जा, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, केसांची मुळं, गर्भ. आपली अस्थिमज्जा दिवसाला सुमारे 20,000 कोटी लाल पेशी तयार करते. चुंबळ वळणारा एक आठवडा गायब झाला तर काय होईल ते तुम्हीच सांगा.

आणि थायमिन कमी पडलं की पेशी नुसती थांबून राहत नाही. डीएनए लिहिणारं यंत्र थायमिनच्या जागी युरॅसिल बसवायला लागतं. दुरुस्ती करणारं एन्झाइम ते ओळखून कापून काढतं, पण पुन्हा बसवायला परत युरॅसिलच हाताशी. कापा, बसवा, कापा, बसवा, शेवटी धागाच तुटतो. आरएनएला थायमिन लागत नसल्यामुळे प्रथिनं बनवणं मात्र चालूच राहतं. म्हणून पेशी फुगते आणि केंद्रक अपरिपक्व राहतं. काचपट्टीवर हेच दिसतं: मोठाल्या लाल पेशी, आणि सहा-सहा पाकळ्यांचं केंद्रक असलेल्या पांढऱ्या पेशी. माझे पॅथॉलॉजिस्ट मित्र असली स्लाइड दिसली की अजून फोन करून बोलावतात. मशीनचा आकडा कितीही चांगला असो, डोळ्याने पाहण्याची सर त्याला नाही.

जाता जाता थायमिडायलेट सिंथेजबद्दल आणखी एक, तुम्ही रसायनवाले म्हणून. या एन्झाइमच्या खोबणीतलं एक सिस्टीन युरॅसिलच्या सहाव्या कार्बनला जाऊन चिकटतं, त्यामुळे पाचवा कार्बन घड घ्यायला तयार होतो. घड बसला की पाचव्यावरचा हायड्रोजन निघून जायला हवा, तरच पुढची पायरी. 1957 मध्ये चार्ल्स हायडेलबर्गर यांच्या गटाने पाचव्या जागी फ्लोरिन लावलेलं युरॅसिल पुढे आणलं. फ्लोरिन जागचा हलत नाही. एन्झाइम, फोलेट आणि औषध तिघेही एकमेकांत अडकून बसतात, घड डोक्यावरून अर्धा उतरलेला असताना. आतड्याच्या कर्करोगाला आजही देतात ते फाइव्ह-एफयू हेच. गंमत म्हणजे त्याच्याबरोबर मुद्दाम फोलिनिक ॲसिड (फोलेटचंच एक तयार रूप) देतात, कारण फोलेट जास्त असेल तर ही अडकण आणखी पक्की होते. म्हणजे फोलेट दिल्याने एका औषधाची धार वाढते आणि दुसऱ्याची बोथट होते. 'फोलेट घ्यावं की नाही' असा सरसकट प्रश्न म्हणूनच विचारता येत नाही.

आता मूळ शंका. सोमवारच्या गोळीने रविवारची वाया जाते का?

हे औषध मुळात आमवातासाठी जन्मलं नाही. आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले या औषध कंपनीत संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या गटाने 1940 च्या दशकाच्या मध्याला फोलिक ॲसिड प्रयोगशाळेत बनवलं, आणि मग त्याची तोतया रूपंही बनवली. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांना रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना फोलिक ॲसिड दिल्यावर रोग उलट भडकल्यासारखा दिसला होता. मग त्यांनी तोतया देऊन पाहिला, अमिनोप्टेरिन. 1948 मध्ये त्यांनी सोळा मुलांचा अनुभव छापला. दहा मुलांमध्ये रोग काही काळ मागे हटला होता. त्याआधी या रोगावर औषध म्हणून काही नव्हतंच. मेथोट्रेक्सेट हा त्या अमिनोप्टेरिनचा धाकटा भाऊ. सुब्बाराव त्याच वर्षी गेले. आपल्याकडे त्यांचं नाव किती शिक्षकांना ठाऊक आहे, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो.

कर्करोगात मेथोट्रेक्सेटचे डोस हजारो मिलिग्रॅमपर्यंत जातात आणि नंतर मुद्दाम उतारा द्यावा लागतो. आईंचा डोस आठवड्याला 15. एवढ्याशा डोसने चुंबळ वळणारा अर्धवट आणि थोडाच वेळ अडतो. मग सूज कशाने उतरते? इथे ते बाजूला लिहिलेलं नाव काढा. मेथोट्रेक्सेट पेशीत शिरलं की पेशी त्याला ग्लुटामेटची लांब शेपटी जोडते. रक्तातून औषध दिवसभरात बरंचसं निघून जातं, पण शेपटीवालं औषध पेशीतून बाहेर पडू शकत नाही, आठवडेच्या आठवडे आत राहतं. म्हणून आठवड्यातून एकदा घेतलेली गोळी पुरते, आणि म्हणूनच फरक दिसायला दीड ते तीन महिने लागतात. हे शेपटीवालं औषध एआयसीएआर ट्रान्सफॉर्मिलेजला चांगलंच रोखतं. मग त्याचा कच्चा माल, एआयसीएआर, साचतो. तो साचला की ॲडेनोसिन मोडणाऱ्या एन्झाइमांचा वेग मंदावतो, ॲडेनोसिन पेशीबाहेर पाझरतं आणि सांध्यातल्या चवताळलेल्या पेशींना शांत करतं. फायदा कसा होतो याचा सगळा हिशेब एवढाच आहे असं मी म्हणणार नाही, पण मोठा वाटा याचा मानला जातो.

म्हणजे काय झालं? तोंड येणं, मळमळ, लिव्हरचे आकडे चढणं, पेशी कमी होणं, यातला मोठा भाग चुंबळीच्या तुटवड्याचा. सांध्याचा फायदा मोठ्या प्रमाणात एआयसीएआरच्या थांब्यावरचा. सोमवारची गोळी पहिली बाजू भरून काढते आणि दुसरी फारशी बिघडवत नाही. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र मांडले तेव्हाही हेच दिसलं: फोलिक ॲसिड घेणाऱ्यांना त्रास कमी, औषध मध्येच सोडणारे कमी, आणि सांध्यांचा आराम जवळपास तेवढाच. वार वेगळा ठेवतो तो खबरदारी म्हणून, दोन्ही गोळ्यांनी एकाच दिवशी एकाच दारात गर्दी करू नये यासाठी. आणि खरं सांगू का, वार वेगळा असला की पेशंटच्या डोक्यातही दोन गोळ्यांची ओळख वेगळी राहते. त्याचं महत्त्व मला एका चुकीने शिकवलं, आणि ती चूक माझी होती.

प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं. यावल तालुक्यातल्या एक बाई, पन्नाशीच्या, हाताची बोटं सुजलेली. मी मेथोट्रेक्सेट लिहिलं, चिठ्ठीवर इंग्रजीत 'आठवड्यातून एकदा' लिहिलं आणि तोंडी सांगितलं. गर्दी होती, सांगितलं ते घाईत. घरी सुनेने पाकीट पाहिलं, सकाळी एक गोळी असं समजून रोज दिली. अकरा दिवस. बाई आल्या तेव्हा तोंडातून पाणीही आत जात नव्हतं, ताप होता, पांढऱ्या पेशी 1,100 पर्यंत घसरलेल्या आणि प्लेटलेट 38,000 पर्यंत. सून रडत होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. रोज थोडं-थोडं विष हे एकदम घेतलेल्यापेक्षा वाईट, कारण मज्जेला सावरायला एकही मोकळा दिवस मिळत नाही.

अशा वेळी फोलिक ॲसिड फारसं कामाचं नाही. का, ते आता तुम्हाला कळेल. फोलिक ॲसिड म्हणजे गाठोड्यातलं कोरं फडकं. त्याची चुंबळ व्हायला तोच चुंबळ वळणारा एकदा नाही, दोनदा लागतो, आणि तो तर औषधाने पकडून ठेवलेला. द्यावं लागतं फोलिनिक ॲसिड, म्हणजे चुंबळ आधीच वळलेला मजूर. तो त्या दारावरून न जाता थेट कामाला लागतो. बाई वाचल्या. नंतर त्यांनी मला शेतातल्या केळीही पाठवल्या, त्या घशाखाली उतरल्या नाहीत.

तेव्हापासून मी चिठ्ठीवर वार मराठीत लिहितो, आणि खेड्यातला पेशंट असेल तर वारही लिहीत नाही, विचारतो, "तुमच्या गावाचा बाजार कधी?" बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ही गोळी, दुसऱ्या दिवशी ती पिवळी. खान्देशात माणूस तारीख विसरेल, बाजार विसरत नाही. महिन्याला चारच दिवसांच्या गोळ्या द्यायला सांगतो, अख्खी पत्ती घरात ठेवायची नाही. तुमच्या आईंच्या गोळ्यांचा डबाही एकदा तुम्ही स्वतः उघडून बघा. 2.5 च्या सहा गोळ्या आहेत की 15 ची एक, हे घरात सगळ्यांना माहीत असायला हवं. 2.5 च्या सहा संपल्या आणि पुढच्या वेळी 10 च्या गोळ्या आल्या, पण सवयीने सहाच घेतल्या, असंही घडतं.

तुम्ही विचारलं नाही अशा दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एक, लघवीच्या जळजळीसाठी किंवा जुलाबासाठी कोट्रायमॉक्झाझोलची गोळी. स्वस्त, जुनी, सगळीकडे मिळणारी. तिच्यात ट्रायमेथोप्रिम असतं आणि ते जंतूंच्या डायहायड्रोफोलेट रिडक्टेजला रोखतं. माणसाच्या एन्झाइमवर त्याचा जोर फार कमी, म्हणून एरवी बिनघोर देता येतं. पण मेथोट्रेक्सेट चालू असताना तो थोडा जोरही भारी पडतो, शिवाय जोडीचं सल्फा औषध मेथोट्रेक्सेटला मूत्रपिंडातून बाहेर पडू देत नाही. या जोडीने रक्तपेशी कोसळलेले पेशंट मी पाहिलेत. मेडिकलवाल्याला आणि इतर कोणत्याही डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं: आईला मेथोट्रेक्सेट चालू आहे.

दोन, आपला उन्हाळा. मे महिन्यात भुसावळ-जळगाव पंचेचाळीस अंशांना टेकतं. म्हातारी माणसं पाणी कमी पितात, त्यात लग्नसराई, एखादा जुलाब, वर अंगदुखीची गोळी. मेथोट्रेक्सेटचा निचरा मूत्रपिंडातून होतो. शरीर कोरडं पडलं की तीच 15 मिलिग्रॅमची गोळी आत जास्त वेळ रेंगाळते आणि मोठ्या डोससारखी वागते. मी पेशंटना सांगून ठेवतो: ताप, उलट्या, जुलाब असतील त्या आठवड्याची गोळी घेऊ नका, आधी मला फोन करा. एक आठवडा गोळी चुकल्याने सांधे फारसे बिघडत नाहीत. क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एसजीपीटी (लिव्हरसाठी) आणि रक्ताची पूर्ण तपासणी दर दोन-तीन महिन्यांनी हवीच. आपल्याकडे मी एक तपासणी मुद्दाम एप्रिलच्या शेवटी करून घेतो.

आता बी-12. आई शाकाहारी आहेत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर हे वाचाच. फोलेटच्या डोक्यावरचा घड एकदा मेथिल झाला की तो परत मेथिलीन होऊ शकत नाही, रस्ता एकतर्फी आहे. त्याला उतरायला एकच दार, मेथिओनिन सिंथेजचं, आणि त्या दाराची किल्ली बी-12. किल्ली नसेल तर मजूर भरल्या डोक्याने दारापुढे रांगेत उभे राहतात. फोलेट शरीरात भरपूर, पण थायमिडायलेटकडे जायला एकही मोकळा नाही. पुस्तकात याला फोलेटचा सापळा म्हणतात. अशा माणसाला नुसतं फोलिक ॲसिड दिलं तर काय होतं? नवे मजूर येतात, रक्त सुधारतं, हिमोग्लोबिन चढतं, सगळे खूश. दार मात्र बंदच. मज्जातंतूंचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

पारोळ्याकडचे एक माळकरी बाबा असेच आले होते. रक्त कमी म्हणून सात-आठ महिने फोलिक ॲसिड आणि लोहाच्या गोळ्या घेत होते, रिपोर्ट सुधारला म्हणून समाधानी होते. तक्रार एवढीच की पायातली चप्पल निसटून पडते आणि कळत नाही. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं तर बाबा एका बाजूला कलंडले. बी-12 अगदी तळाला. इंजेक्शनं सुरू केल्यावर चाल पुष्कळ सुधारली, पण तळपायाची संवेदना पूर्वीसारखी आली नाही. म्हणून सांगतो, फोलिक ॲसिड चालू असलेल्या शाकाहारी माणसाचं बी-12 एकदा तपासायचंच. मोठ्या पेशी दिसल्या नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका. जोडीला लोहाची कमतरता असेल तर ती पेशी लहान करते, फोलेट-बी-12 ची कमतरता मोठी करते, आणि सरासरी छान नॉर्मल छापून येते!

फोलिक ॲसिडची गोळी सगळ्यांना सारखी नसते, हेही या निमित्ताने. नंदुरबारकडे भिल्ल-पावरा वस्त्यांमध्ये सिकल सेलचे रुग्ण आहेत. त्यांच्या लाल पेशी लवकर फुटतात, मज्जा दुप्पट-तिप्पट राबते, चुंबळी तेवढ्याच वेगाने सुटतात. म्हणून त्यांना फोलिक ॲसिड रोज. गरोदरपणी सरकारी लोहाच्या गोळीत ते 500 मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे आईंच्या सोमवारच्या गोळीचा दहावा भाग. आणि घरात कुणी तरुण मुलगी किंवा सून मेथोट्रेक्सेट घेत असेल तर मूल हवंय असा विचार मनात आला त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, दिवस गेल्यावर नाही. गर्भाची मज्जारज्जूची नळी पहिल्या चार आठवड्यांत मिटते, बऱ्याच वेळा बाईला कळायच्या आधी.

शेवटी शेजारच्या काकूंचं. पालकात फोलेट असतं हे त्यांचं खरं आहे, फोलिक हे नावच पानावरून आलंय. 1941 मध्ये ते टनावारी पालकातून वेगळं काढलं होतं. त्याच्याही आधी, मुंबईच्या गिरण्यांतल्या गरोदर बायकांचा रक्तक्षय लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाईंनी यीस्टच्या अर्काने बरा करून दाखवला, 1931 साली. तेव्हा या द्रव्याला नावही नव्हतं. त्या गिरण्यांच्या मागांवर खान्देशचा कापूसही फिरत असणार, असं माझं मन म्हणतं. असो. पण वाटीभर भाजीतलं फोलेट मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, त्यातलंही बरंचसं शिजवताना पाण्यात उतरतं नाहीतर उष्णतेने मोडतं. गोळीतल्या 5 मिलिग्रॅमपुढे ते किरकोळ आहे. आईंना मेथी खाऊ द्या, भरीत खाऊ द्या, आणि कळण्याची भाकरी तर जरूर. तिच्यातल्या उडदात फोलेट आहे, आणि हात दुखतस म्हणून त्यांना भाकरी थापवत नसेल तर तुम्ही शिका, सर. भाजीचं पाणी तेवढं ओतून देऊ नका.

पुढच्या वेळी रिपोर्ट आला की एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार), पांढऱ्या पेशी, एसजीपीटी आणि क्रिएटिनिन हे चार आकडे मागच्या रिपोर्टशेजारी ठेवून बघा. एमसीव्ही हळूहळू शंभरीकडे सरकत असेल तर आईंच्या डॉक्टरांना बी-12 बद्दल विचारा. आणि त्यांच्या तोंडात फोड आला, कितीही बारीक असला, तर रविवारची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा.